निव्वळ वजन

उन्हाळी सत्राच्या पहिल्याच पानावर तक्ता होता:
छोट्या चाचण्या वीस टक्के, गृहपाठ वीस,
चर्चेत तोंड उघडल्याचे दहा,
आणि अंतिम परीक्षा, दोन तास, पन्नास.
खाली बारीक अक्षरात:
अंतिममध्ये साठ टक्क्यांच्या खाली गेलात
तर बाकीचं सगळं असून नसल्यासारखं.

मी तो छापून काट्याच्या खिडकीला चिकटवला.
माझी नोकरीच वजनाची.
नॉर्थ डकोटात, डेव्हिल्स लेकच्या पश्चिमेला, धान्याच्या कोठारापाशी
ट्रक भरलेला येतो, मी आकडा लिहिते,
ओतून रिकामा परततो, पुन्हा लिहिते.
मधला फरक तेवढा गव्हाचा.
ट्रकचं लोखंड, ड्रायव्हरचा देह, त्याची म्हातारी कुत्री,
सूर्यफुलाच्या बियांची उघडी पिशवी,
सगळं वजा.

चाचण्या दिल्या दोन ट्रकांच्या मधे.
दहा प्रश्न, पंधरा मिनिटं, फोनवर.
तिसरी डेल्मर हाउगनने हॉर्न वाजवून बुडवली,
सातवी वादळाने, वीजच गेली.
बारांतल्या सगळ्यात वाईट दोन सोडून देऊ, असं नियमात होतं,
त्या दोघी गेल्या, कुणी रडलं नाही.
उरल्या दहा. प्रत्येकी दोन टक्के.
दोन टक्के म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना?
डेल्मरच्या गव्हात दोन टक्के कमी लिहून बघा,
खिडकीतून अर्धा आत येतो.

ट्रक आला की आधी लांब नळी खुपसायची,
पुढे, मागे, कडेला, मधे, पार तळाशी,
पाच-सात ठिकाणचा गहू एका डब्यात.
एकाच मुठीवरून भाव ठरवला
तर गावात तोंड दाखवायची सोय नाही.
शितावरून भाताची परीक्षा, हे खरं,
पण भात एका भांड्यात एका आचेवर शिजतो.
मी सेहेचाळीस वर्षं
कधी करपत, कधी कच्ची.

प्रकरण चार, नमुना निवड: हेच तर त्यात होतं.
मी तसं प्राध्यापक इबारांना लिहिलं.
त्यांचं उत्तर रात्री दीडला आलं.
"मिसेस क्वामे, तुमचं बरोबर आहे.
मी तीन कॉलेजांत शिकवते, तक्ता वरून येतो.
घरबसल्या चाचणी नक्की कोण देतं
ते कळत नाही, असं वरच्यांचं म्हणणं.
तुमचा मुलगा तर देत नाही ना?"
मिनिटभरात दुसरं पत्र:
"शेवटची ओळ थट्टेत होती."

टोरिनला सरासरी विचारली
तर तो बेसबॉलवाल्यांची सांगतो.

डब्याच्या झाकणावर हिशेब मांडला.
हातात पंचेचाळीस पूर्णांक दोन.
पास व्हायला सत्तर, म्हणजे अंतिममध्ये
पन्नासांतले पंचवीस पुरेत.
नियमाला मात्र तीस हवेत.
वरचे पाच कशाचे, कुठे लिहिलेलं नाही.
तारण असावं.

घरी नेट रांगतं, म्हणून परीक्षा काट्याच्या खोलीतच,
ऑगस्टात, रात्री दहाला, शेवटचा ट्रक गेल्यावर.
कॅमेऱ्याने फर्मावलं, खोली दाखवा.
लॅपटॉप कडेवर घेऊन फिरवला:
डबे, नळी, खत कंपनीचं कॅलेंडर,
काट्याचा लाल आकडा, शून्य.
तक्ता मी दुपारीच काढला होता,
काचेवर चिकटपट्टीचे चार कोपरे राहिलेले.

अकराव्या प्रश्नावर शून्य हललं.
वीस. साठ.
एकशे चाळीस पौंड.
बाहेर अंधारात काट्यावर कुणीतरी उभं.
मी मान वर केली.
हरीण. सांडलेला गहू टिपत होतं,
एकेक दाणा, घाई नसल्यासारखं.

पडद्यावर पिवळी पाटी आली:
नजर दुसरीकडे, नोंद केली आहे.

हाताला सवय. कच्च्या कागदावर
प्रमाण विचलनाच्या शेजारी
मीही नोंद केली: १४०, रात्री १०:३८.
खाली 'रिकामं' लिहून जागा सोडली
आणि बाराव्या प्रश्नाकडे वळले.